जुन्या शिडाच्या बोटीवरील झिजलेली फिटिंग्ज: नवशिक्यांसाठी दुरुस्तीची पद्धत

पंचवीस-तीस वर्षे जुनी फायबरग्लासची शिडाची बोट विकत घेताना बहुतेकांचे लक्ष शिडांकडे, रंगाकडे आणि इंजिनाकडे जाते. डेकवर बसवलेल्या लहानसहान धातूच्या सामानाकडे, म्हणजे कठड्याचे खांब, क्लीट (दोर अडकवायची खुंटी), विंच (दोर ओढायचा फिरता ड्रम), ब्लॉक (कप्पी) आणि चेनप्लेट (डोलकाठीच्या ताणतारा अडकवायची पट्टी) यांच्याकडे, कोणी फारसे निरखून पाहत नाही, कारण वरून ते सामान चकचकीत दिसत असते. वाऱ्याचा सगळा जोर शेवटी याच सामानावर येतो आणि लाटेत तोल गेलेला माणूस याच खांबाला धरून सावरतो. तरीही धातू सहसा शेवटी हार खातो. त्याच्या कितीतरी आधी, ज्या भोकातून त्याचा बोल्ट डेकमध्ये उतरलेला असतो ते भोक नासलेले असते. त्यामुळे जुन्या बोटीवर काम करताना फिटिंगपेक्षा फिटिंगच्या खालच्या जागेची दुरुस्ती अधिक महत्त्वाची, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

मुंबई बंदरात माझी २६ फुटी बोट आहे. पहिल्या वर्षी डाव्या बाजूच्या एका खांबाखालून आतल्या बाकावर थेंब पडू लागले, तेव्हा मी त्या खांबाच्या तळाभोवती बाहेरून सिलिकॉन फासले. गळती थांबल्यासारखी वाटली. पुढच्या मोसमात त्या जागी पाय ठेवला की डेक किंचित दबू लागले. बोल्ट काढला तेव्हा भोकातून भिजलेल्या तंबाखूसारखा काळपट तपकिरी लगदा बोटाला लागला आणि त्याला आंबूस वास येत होता. तो लगदा म्हणजे डेकच्या फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांमधले हलके बाल्सा लाकूड होते. सिलिकॉनने पाणी बाहेर ठेवले नव्हते, तर आत शिरलेल्या पाण्याची परतीची वाट बंद केली होती. एका संध्याकाळी होणारे काम त्यामुळे तीन आठवड्यांचे झाले.

कामाची वेळ

मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर शिडाच्या बोटी साधारणपणे पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर काढतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा पाण्यात सोडतात. बोट जमिनीवर सुरक्षित उभी आहे असे समजून मालक निर्धास्त होतात. मात्र त्या चार महिन्यांत कुलाब्यासारख्या ठिकाणी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सगळा त्याच डेकवर पडतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी लाकडाला जास्त लवकर कुजवते, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून बोट बाहेर काढल्यावर तिच्यावर ताडपत्री घालावी, आणि ती डेकला चिकटू न देता खाली हवा खेळेल अशी बांधावी. भोके उघडून आतले लाकूड वाळवण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करावे. भर पावसाळ्यात फक्त बाकावर बसून होणारी कामे, म्हणजे विंच किंवा ब्लॉक उघडून साफ करणे, हाती घ्यावीत.

आधी तपासणी

हत्यार हाती घेण्यापूर्वी एक अख्खी सकाळ नुसत्या पाहणीसाठी ठेवावी. प्लॅस्टिकच्या मुठीचा जड स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून प्रत्येक फिटिंगभोवती हलकेच ठोकत जावे. डेक निरोगी असेल तेथे टणक, छोटा आवाज येतो, तर जेथे आत ओल शिरली आहे किंवा पापुद्रा सुटला आहे तेथे भद्द आवाज येतो. आवाज बदलला की तेथे पेन्सिलने खूण करावी आणि खुणा जोडून सीमा आखावी. त्यानंतर आत जाऊन त्याच फिटिंगचे नट खालून पाहावेत. नटाभोवती तपकिरी ओघळ, लाकडावर काळा डाग किंवा वायसर लाकडात रुतलेला दिसला, तर वरून काहीही दिसत नसले तरी ते फिटिंग यादीत घ्यावे. खांबाला हाताने हलवून पाहावे. तळ डेकवर जरासाही डोलत असेल तर त्याखालचा सीलंट (पाणी अडवणारा चिकट लेप) केव्हाच सुटलेला असतो.

यादी झाल्यावर कामांचा क्रम ठरवावा. डोलकाठी ज्यावर उभी आहे ते सामान पहिले, माणूस पाण्यात पडू नये म्हणून असलेले सामान दुसरे आणि बाकीचे नंतर. नव्या मालकाला विंच चमकवण्याचा मोह होतो. तो आवरावा.

नट-बोल्टांची खरेदी

स्टेनलेस स्टील म्हणजे कधीच न गंजणारे स्टील, असा समज आहे. त्या स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो थर हवेतील ऑक्सिजनमुळे सतत नवा होत राहतो आणि तोच स्टीलचे रक्षण करतो. डेकच्या भोकात खारे पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, तेथे हा थर पुन्हा तयार होत नाही आणि क्षारामुळे धातूला बारीक खड्डे पडू लागतात. म्हणूनच माथा लखलखीत असलेला बोल्ट बाहेर काढल्यावर मधोमध कमरेसारखा बारीक झालेला आढळतो.

बोटीसाठी ३१६ दर्जाचे स्टील घ्यावे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा चांगले टिकते. बोल्टच्या माथ्यावर ए४ असे कोरलेले असेल तर तो या वर्गातला, ए२ असेल तर ३०४ च्या वर्गातला. आपल्या बाजारात २०२ दर्जाचे स्वस्त स्टीलही भरपूर मिळते आणि ते समुद्रावर थोड्याच काळात तांबूस होते. लोहचुंबक लावून पाहण्याच्या चाचणीवर विसंबू नये, कारण हे तिन्ही प्रकार चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. मॉलिब्डेनम ओळखणारे थेंबाचे द्रावण मिळते, त्याने खात्री करता येते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या नट-बोल्टांच्या दुकानांत सुटा मालही मिळतो, पण ‘एसएस द्या’ एवढेच म्हणू नये. दर्जा स्पष्ट सांगावा आणि बिलावर लिहून घ्यावा.

दुसरी अडचण मापांची. जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकी बनावटीच्या बोटींवर इंचातले बोल्ट असतात. दुकानदाराच्या भाषेत पाव इंच म्हणजे दोन सूत, पाच-सोळांश इंच म्हणजे अडीच सूत आणि तीन-अष्टमांश इंच म्हणजे तीन सूत. दोन सुती बोल्ट ६.३५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तो ६ मिलिमीटरच्या बोल्टाशेजारी ठेवला तरी पटकन फरक कळत नाही आणि चुकीचा नट दोन फेरे चढूनही जातो. मग जोर लावला की आटे जातात. जुना बोल्ट नेहमी सोबत न्यावा आणि नवा नट त्यावर बोटांनी पूर्ण फिरवून पाहावा.

पितळेचे स्क्रू मात्र डेकवर किंवा पाण्याखाली वापरू नयेत. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबी रंगाचा, चिमटीने तुटणारा तांब्याचा सांगाडा उरतो.

खांबाचा तळ नव्याने बसवणे

ही एक कृती नीट जमली की क्लीट, ब्लॉकचे तळ, विंचचे तळ आणि हॅच (डेकवरचे उघडते झाकण) अशा डेकवरच्या जवळजवळ सगळ्याच फिटिंग्जची दुरुस्ती जमते, म्हणून ती सविस्तर देत आहे. सुरुवात एकाच खांबापासून करावी.

या कामाला दोन माणसे लागतात. एकाने डेकवर बोल्टचा माथा धरायचा आणि दुसऱ्याने आतल्या कप्प्यात झोपून नट सोडवायचा. नट हलत नसेल तर त्यावर आटे सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. सकाळी पुन्हा प्रयत्न करताना आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सैल करण्याच्या दिशेने झटका द्यावा. उष्णता द्यायची असेल तर गरम सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या माथ्यावर टेकवावे. गॅसची ज्योत डेकवर कधीही वापरू नये, कारण फायबरग्लासमधले रेझिन मऊ पडते. बोल्टभोवतीच्या डेकला हात लावता येत नाही इतके ते तापले, तर थांबावे.

बोल्ट निघाले तरी तळ चिकटलेलाच राहतो. छिन्नी घालून तो उपटू नये, कारण वरचा पापुद्राच सोबत येतो. मासेमारीची बारीक, मजबूत तार तळाखालून घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढावी. सीलंट हळूहळू कापला जातो.

आता भोकाकडे वळावे. खराट्याची काडी किंवा बारीक तार आत घालून लाकूड चाचपावे. ते कोरडे आणि पांढरट असेल तर सुदैव. ओले पण टणक असेल तर भोके उघडी ठेवून, वर छप्पर करून, काही आठवडे वाळू द्यावे. लगदा असेल तर तो काढावाच लागतो. त्यासाठी ६ मिलिमीटरचे भोक वरून १२ मिलिमीटर करावे आणि खालचा पापुद्रा शक्यतो तसाच राहू द्यावा. मग काटकोनात वाकवलेला, डोके छाटलेला खिळा ड्रिलमध्ये पकडून हळू फिरवावा, म्हणजे दोन पापुद्र्यांमधले कुजलेले लाकूड भोकाच्या सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर कोरले जाते. व्हॅक्यूमने भुसा ओढून घ्यावा. या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर धुळीचा मास्क हवाच, कारण काचेची धूळ फुप्फुसात गेलेली चालत नाही. कुजलेला भाग तळहातापेक्षा मोठा निघाला तर मात्र डेकचा वरचा पापुद्रा कापून आतले लाकूड बदलावे लागते. ते काम पहिल्याच वर्षी एकट्याने करू नये, फायबरचे काम जाणणाऱ्या कारागिराच्या मदतीने करावे.

कोरलेली पोकळी पूर्ण वाळल्यावर भोकाच्या खालच्या तोंडावर चिकटपट्टी लावून ते बंद करावे. नंतर आधी नुसते पातळ इपॉक्सी (हार्डनर कालवल्यावर कडक होणारे रेझिन) आत ओतावे, म्हणजे कोरडे लाकूड ते पिऊन घेते. काही मिनिटांनी पातळी उतरली की सिलिकाची बारीक भुकटी मिसळून श्रीखंडाइतके घट्ट केलेले इपॉक्सी सिरिंजने तळापासून वर भरत यावे. आपल्या हवेत इपॉक्सी फार लवकर आवळते, आणि एका कपात जास्त कालवले तर कप हातात धरवत नाही इतका तापून धुरकटतो. मंद गतीचे हार्डनर घ्यावे, एका वेळी ३०-४० ग्रॅमच कालवावे आणि ते उंच कपात न ठेवता पसरट ताटलीत ठेवावे. हातात नायट्राइलचे हातमोजे असावेत, कारण इपॉक्सीची त्वचेला होणारी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. किमान एक दिवस त्याला हात लावू नये.

कडक झालेल्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे भोक पाडावे. आता त्या भोकाच्या सर्व बाजूंना लाकूड नाही, इपॉक्सीची भिंत आहे. उद्या सीलंट सुटला तरी पाणी आतल्या बाकावर पडेल, डेकच्या गाभ्यात जाणार नाही, आणि एवढ्या खटाटोपाचा हेतू तोच आहे. भोकाच्या वरच्या कडेला काउंटरसिंक बिटने छोटी उतरती खाच करावी. त्या खाचेत सीलंटचे जाड कडे तयार होते आणि गळती प्रत्यक्षात तेच अडवते.

सीलंट निवडताना सिलिकॉन टाळावे. ते काढल्यावरही मागे राहणाऱ्या अंशावर पुढे रंग किंवा दुसरा सीलंट धरत नाही. थ्री-एम ५२०० सारखे कायमस्वरूपी चिकटणारे पॉलियुरेथेनही अशा ठिकाणी नको, कारण पुढच्या वेळी फिटिंग काढताना डेक फाटेल. सिकाफ्लेक्स २९१ सारखे मध्यम पकडीचे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड चालते, मात्र पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकच्या खिडक्यांना लावू नये. मी स्वतः बहुतेक ठिकाणी ब्यूटिलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, पट्टी वापरतो. ती कधी कडक होत नाही, फिटिंगसोबत थोडी ताणली-दाबली जाते आणि तिच्या कामाला घाई नसते, म्हणून नवशिक्याला ती सर्वात सोयीची आहे. पेट्रोल-डिझेलच्या तोंडाजवळ मात्र ती विरघळते.

बसवताना डेक आणि तळ दोन्ही ॲसिटोनने पुसावेत. ब्यूटिलची गोळी करून बोल्टच्या माथ्याखाली गुंडाळावी, तळाखाली एक सलग थर द्यावा आणि खांब जागेवर ठेवावा. आत नुसते वायसर लावून भागत नाही. खांबावर माणूस आदळला तर लहान वायसर डेकमधून आरपार येतात. तळापेक्षा थोडी मोठी, ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी किंवा सर्व बाजूंनी इपॉक्सी पाजलेले १२ मिलिमीटरचे मरीन प्लायवुड आतून आधाराला द्यावे, कोपरे गोल करावेत आणि त्यावर मोठे वायसर व आत नायलॉनची कडी असलेले स्टेनलेसचे नट लावावेत. आवळताना वरच्या माणसाने बोल्टचा माथा स्थिर धरायचा आणि फक्त आतल्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर खाचेत बसलेले कडे पिळवटते आणि सगळी मेहनत वाया जाते. ब्यूटिल कडेने बाहेर येऊ लागले की थांबावे, दुसऱ्या दिवशी पाव फेरा द्यावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. बाहेर आलेली पट्टी प्लॅस्टिकच्या तुकड्याने कापून टाकावी.

चेनप्लेट

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ताणतारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या चेनप्लेट. यांचा सर्वात धोकादायक भाग डेकच्या जाडीत लपलेला, नेमका दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तो बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि जुन्या बोटीत तो कधी पाहिला गेला याची नोंद नसेल तर पाहिलाच नाही असे समजावे. शक्य असेल तर डोलकाठी उतरवलेली असतानाच हे काम करावे. ती उभी असेल तर शांत हवेत, एका वेळी एकच पट्टी काढावी आणि काढण्यापूर्वी त्या बाजूला एक मजबूत हॅलियार्ड (शीड वर चढवण्याची दोरी) डेकवरच्या भक्कम जागी बांधून ताणून घ्यावी.

पट्टी निघाल्यावर ती घासून स्वच्छ करावी आणि भिंगाने पाहावी. चहाच्या डागासारखा तपकिरीपणा घासून जात असेल तर तो पृष्ठभागावरचा आहे. मात्र आडवी रेघ किंवा नखाला जाणवणारा खड्डा दिसला तर शंका धरावी. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मिळणाऱ्या डाय पेनिट्रंटच्या तीन डब्यांनी खात्री होते: पहिल्याने साफ करायचे, दुसऱ्यातला लाल रंग फवारून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, पुसून तिसरी पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. ती रेघ पहिल्यांदा उमटताना पाहिली तेव्हा, आदल्याच आठवड्यात त्या ताणतारेच्या भरवशावर आपण खोल समुद्रात होतो, या विचाराने मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

भेग असलेली पट्टी वेल्ड करून वापरू नये. त्याच जाडीची किंवा थोडी जास्त जाड ३१६ ची पट्टी लेथ-ड्रिलच्या वर्कशॉपमधून जुनीवरून बनवून घ्यावी, भोके ड्रिलने पाडून घ्यावीत, कडा गोल करून सर्व बाजूंनी बफिंग करवून घ्यावे, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डे उशिरा पडतात. एक पट्टी खराब निघाली तर तिच्या वयाच्या सगळ्याच बदलाव्यात. जोडणीच्या पिना भोकात सैल होता कामा नयेत. तीन सुती भोकात आठ मिलिमीटरची पिन घालून वेळ मारून नेणे म्हणजे ताण एका रेषेवर आणणे होय.

विंच

विंच उघडण्यापूर्वी एका खोक्याच्या तळाला विंचच्या मापाचे भोक पाडून ते खोके विंचभोवती बसवावे. आत अंगठ्याच्या नखाएवढ्या स्प्रिंगा असतात, त्या उडाल्या की थेट समुद्रात जातात. वरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढून ड्रम सरळ वर उचलावा, हळूहळू, कारण बेअरिंग कधी ड्रमला चिकटून वर येतात. प्रत्येक थराला मोबाइलवर फोटो घ्यावा. सगळे भाग रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवावेत आणि सुती कापडावर काढले त्याच क्रमाने मांडावेत.

आता त्या छोट्या खिट्ट्या पाहाव्यात, ज्या ड्रमला एकाच दिशेने फिरू देतात. त्यांची टोके गोलसर झाली असतील तर नव्या घालाव्यात, आणि स्प्रिंगा तर दर वेळी नव्याच घालाव्यात. दातेरी चक्रांना आणि बेअरिंगना विंचचे ग्रीस पातळसे लावावे, पण खिट्ट्यांना ग्रीस मुळीच लावू नये, फक्त पातळ मशीन तेलाचा एक थेंब. ग्रीसमध्ये खिट्टी चिकटून राहिली तर भार असताना विंच उलटा सुटतो आणि त्याची दांडी माणसाचे मनगट मोडू शकते. बसवल्यावर प्रत्येक खिट्टी बोटाने दाबून पाहावी, ती टक्कन परत आली पाहिजे. ड्रम फिरवताना टिकटिक एकसारखी आणि खणखणीत यायला हवी.

उरलेले लहान काम

बॉल बेअरिंगच्या ब्लॉकना तेल-ग्रीस लागत नाही, त्यांत मीठ आणि वाळू अडकते, म्हणून ते गोड्या पाण्याने भरपूर धुवावेत. स्प्लिट पिना एकदा सरळ केल्या की फेकून द्याव्यात, आणि नव्या पिनांची टोके थोडीच उघडून वर टेप गुंडाळावा, नाहीतर शिडे फाटतात. टर्नबकलचे (ताणतारा आवळायच्या जोडणीचे) स्टेनलेस आटे कोरडे आवळले तर जागीच जाम होतात, म्हणून त्यांना लॅनोलिन लावावे. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू असेल तेथे दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. तो स्क्रू काढून, आटे साफ करून, टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखा लेप लावूनच परत बसवावा.

पाण्याची चाचणी

आठवड्यानंतर एकाने आत विजेरी आणि कोरडा टिश्यूपेपर घेऊन बसावे आणि दुसऱ्याने डेकवर होजपाइप धरावा. सर्वात खालच्या फिटिंगपासून सुरुवात करून वर जावे, प्रत्येकावर पाच मिनिटे पाणी सोडावे, जोराची धार न मारता पावसासारखे. आतल्याने नटाभोवती टिश्यू फिरवत राहावे. ओल आली तर वहीत ते फिटिंग, भोक आणि वेळ लिहावी, बाहेरून काहीही फासू नये, आणि तो एकच खांब पुन्हा उघडावा.